आतल्या खोलीतला खाकी शर्ट

पासपोर्ट फोटोत माणूस फक्त छातीपर्यंत येतो. हे मी बत्तीस वर्षं धाराशिवच्या लोकांना सांगत आले, पण पटलं फार थोड्यांना. शिक्षकाच्या नोकरीचा अर्ज भरायचा म्हणून एक उमेदवार आला होता. पँटीला सुरीसारखी इस्त्री, बुटांना आरशासारखं पॉलिश. फोटो हातात घेऊन बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "बाई, बूट आले न्हाईत." मी म्हटलं, "बूट मुलाखतीला न्या." त्याचं तोंड उतरलं. शेवटी त्याला उभं करून एक पूर्ण फोटो काढून दिला, तेव्हा कुठं तो पायऱ्या उतरला. नोकरी लागली की नाही ते मला ठाऊक नाही. बूट मात्र खरंच चांगले होते.

आमचा स्टुडिओ एसटी स्टँडपासून चालत दोन मिनिटांवर होता. यंदा शटर कायमचं ओढलं, म्हणून 'होता' लिहावं लागतंय. दुकान माझ्या मालकांचं. लग्न होऊन आले तेव्हा मला कॅमेऱ्याचं पुढचं-मागचंही कळत नव्हतं. पण बायका दारापर्यंत यायच्या, पुरुष फोटोग्राफर बघायच्या आणि परत फिरायच्या. बुरख्यातल्या तर यायच्याच नाहीत. मालक हुशार. त्यांनी मला सहा महिने घरातल्या कोंबड्यांचे फोटो काढायला लावले. म्हणाले, "कोंबडी नीट आली की माणूस सोपा." मग आतली खोली बायकांसाठी केली आणि तिथं मला बसवलं. ते गेल्यावर बाहेरची खोलीही माझ्याकडंच आली.

आतल्या खोलीत एक आरसा, पावडरचा डबा, तीन फण्या आणि खुंटीला एक कोट. कोट निळा, एकच, आणि सगळ्या जिल्ह्याच्या मापाचा. बारीक माणसाला मागून कपड्यांचे चिमटे लावायचे, जाड माणसाच्या पाठीवर तो अर्धाच पोचायचा. समोरून सगळे साहेब. लोहाऱ्याकडचा एक म्हातारा वरती कोट-टाय आणि खाली धोतर अशा रूपात खुर्चीवर बसला, आरशात बघून लाजला आणि म्हणाला, "बाई, आता हसू का रडू?" मी म्हटलं, "दोन्ही नका करू. सरकारी फोटो हाय."

बायकांचा प्रश्न कोटाचा नव्हता, पदराचा होता. एका गावात सरपंचपद महिलेसाठी राखीव झालं. उमेदवार सूनबाई आणि बरोबर सासूबाई, असं जोडपं फोटोला आलं. सासूबाईंनी सुनेचा पदर कपाळापर्यंत ओढला. मी तो वर सरकवला. त्यांनी पुन्हा ओढला. मी म्हटलं, "मावशी, चेहरा दिसला न्हाय तर अर्ज बाद होईल." त्या विचारात पडल्या. मग सुनेला म्हणाल्या, "मग दोन बोटं वर घे. निवडून आलीस की परत खाली घे." सूनबाई निवडून आल्या. पुढं कसल्याशा अर्जाचा फोटो काढायला त्या एकट्याच आल्या. पदर दोन बोटं वरच होता. आरशात बघून त्यांनी तो आणखी अर्धं बोट वर सरकवला.

दुसऱ्यांच्या कपड्यांचं एवढं सांगते, तर माझंही सांगायला हवं. मी बुरखा घालते. लग्नाच्या ऑर्डरी घ्यायला लागले तेव्हा बुरख्यावर कॅमेऱ्याचा पट्टा, हातात फ्लॅश, आणि रोल ठेवायला जागा नाही. मी शिंप्याकडून बुरख्याला चार खिसे शिवून घेतले. सरहद्दीकडच्या एका लिंगायत लग्नात नवरीची आजी माझ्याकडं टक लावून बघत होती. अर्धी कानडी, अर्धी मराठी बोलणारी म्हातारी. म्हणाली, "फोटोवाली बाई काळ्यात झाकली की. आम्ही हसायचं कुणाकडं बघून?" बरोबर होतं तिचं. तेव्हापासून कामावर तोंडावरचा नकाब काढायला लागले, बुरखा आणि खिसे राहिले.

त्या खिशांवर आमच्या गल्लीत सगळ्यात आधी बोलले ते करीमभाई. त्यांची पाव-बिस्किटांची भट्टी होती, ती आता मुलगा बघतो. गल्लीतल्या कपड्यांचं खातं मात्र त्यांनी स्वतःकडं ठेवलं होतं. कुणाची कॉलर उघडी, कुणाची पँट घोट्याखाली, कुणाची ओढणी खांद्यावर, सगळ्याची नोंद त्यांच्याकडं. स्वतः कायम पांढरा कुर्ता, जाळीची टोपी, विंचरलेली पांढरी दाढी, कानामागं अत्तर. मला म्हणाले, "भाभी, बुरख्याला खिसे लावले. आता शिट्टी अडकवा की झालं पोलिसाचं." मी म्हटलं, "शिट्टी मिळाली की पहिली तुमच्यासाठी वाजवते." माणूस मनाचा वाईट नव्हता. आई नसलेल्या पोरीला त्यांनीच वाढवलं, शिकवलं, बी.ए. केलं. ती रुखसाना.

रुखसानाला एसटीत नोकरी लागली. करीमभाईंनी गल्लीत पेढे वाटले. "डेपोत काम हाय," असं ते सांगत होते. "टेबल-खुर्ची, वर पंखा." पोरीनं त्यांना तेवढंच सांगितलं होतं.

आठ दिवसांनी सकाळी ती बुरख्यात, हातात पिशवी घेऊन माझ्याकडं आली. "खाला, आतली खोली पाच मिनिटं वापरू?"

मी मान हलवली. ती पडद्याआड गेली आणि बाहेर आली ती खाकी शर्ट, खाकी पँट, डोक्याला काळी ओढणी घट्ट बांधलेली, खांद्याला चामड्याची बॅग. कंडक्टर.

"टेबल-खुर्ची कुठं गेली?" मी विचारलं.

"होतीच कुठं?" ती म्हणाली. "गाडीत चढ-उतर असती खाला. लांब कपडा दारात अडकतोय. पँटच बरी पडती. पण अब्बांना कसं सांगू? स्टँडवर निम्मी गल्ली चहा पिते. घरून अशी निघाले तर मी डेपोत पोचायच्या आधी बातमी घरी पोचंल."

मी फार विचार केला नाही. खुंटीवरचा कोट एका बाजूला सरकवला आणि दुसरी खुंटी तिला दिली. मी हो का म्हटलं, त्याचं कारण होतं. ते मी तिला सांगितलं नाही. इथंही जरा थांबूनच सांगते.

सात महिने असं चाललं. सकाळी काळा बुरखा आत जायचा, खाकी बाहेर यायची. ड्युटी संपली की उलटं. तिला सुरुवातीला सोलापूरच्या गाड्या होत्या, तिकडं ओळखीचं कुणी भेटत नव्हतं. गल्लीतली दोन-तीन माणसं तिच्या गाडीतून गेलीही असतील. पण कंडक्टरच्या हाताकडं लोक बघतात, तोंडाकडं कोण बघतंय? मी मात्र रोज करीमभाईंच्या दारावरून जायची. ते म्हणायचे, "पोरगी दमून येते हो भाभी. टेबलाचं काम लई वाईट." मी मान डोलवायची. माझी ती मान मला अजून आठवते.

मग तिची ड्युटी बदलली आणि ढोकीची गाडी मिळाली. ती आली तेव्हा तिचा चेहरा पडला होता.

"खाला, दर गुरुवारी अब्बा ढोकीला फुफूकडं जातात."

"ड्युटी बदलून माग."

"मागितली. न्हाय मिळाली."

"मग मास्क लाव. अन् बोलू नको."

न बोलता तिकिटं कशी फाडायची, असं तिनं मला विचारलं नाही. पण तिच्या नजरेत तेच होतं.

गुरुवारी दुपारी ती परत आली आणि माझ्यासमोरच्या स्टुलावर बसली. पाणी प्यायली. मग जे झालं ते सांगितलं.

गाडी निघाली. करीमभाई तिसऱ्या सीटवर खिडकीशी. ती तिकिटं देत देत तिथवर आली. त्यांनी वर न बघता पैसे पुढं केले. "ढोकी एक. हाफ."

आता हे हाफ काय ते सांगते. पासष्टी ओलांडली की एसटीत पुरुषांना अर्धं तिकीट लागतं. करीमभाई होते त्रेसष्ट वर्षांचे. पण पांढरी दाढी, टोपी, अत्तराचा वास. अशा माणसाला कोण पुरावा मागणार? ते गेलं वर्षभर हाफ तिकिटावर बहिणीला भेटत होते. त्यांचं खरं वय ठाऊक असलेला कंडक्टर साऱ्या डेपोत एकच होता, आणि तो नेमका त्यांच्यासमोर उभा होता.

"मी तशीच उभी राहिले खाला," रुखसाना म्हणाली. "हाफ दिलं अन् पुढं चेकिंगवाले चढले, तर नोकरी माझी जाणार. न्हाय दिलं, तर अब्बा."

तिनं आवाज बारीक केला आणि म्हणाली, "चाचा, आधार दाखवा."

त्यांनी अजूनही वर बघितलं नाही. "बेटा, दाढी बघ की."

आसपासची माणसं हसली. कुणीतरी म्हणालं, "अहो बाई, म्हाताऱ्या माणसाला कशाला तरास?" पण रुखसाना म्हणाली, "दाढीवर जन्मतारीख नसती चाचा. तुम्हाला अजून दोन वर्षं कमी हायेत."

तेव्हा त्यांनी वर बघितलं. आधी बूट, मग पँट, मग बॅग, मग शर्ट, आणि शेवटी मास्कच्या वरचे डोळे. मागून एक बाई म्हणाली, "ओ कंडक्टर, पुढं सरका." करीमभाईंनी खिशात हात घालून बाकीचे पैसे दिले. तिनं फुल तिकीट काढून त्यांच्या हातात ठेवलं. ढोकी येईपर्यंत ते खिडकीबाहेर ऊस बघत बसले. उतरताना पायरीवर क्षणभर थांबले, मग उतरून चालू लागले.

"आता घरी कशी जाऊ?" तिनं विचारलं.

"रोज जातीस तशी."

ती गेली. घरात काहीच झालं नाही, आणि तेच अवघड होतं. बाप जेवत होता, पोरगी वाढत होती, भाजीत मीठ कमी असलं तरी कुणी बोलत नव्हतं. असे चार दिवस गेले.

पाचव्या दिवशी करीमभाई माझ्या दुकानात आले. गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसले. मी विचारलं, "फोटो काढायचाय?"

"न्हाय." ते पडद्याकडं बघत होते. "भाभी, पोरगी घरून बुरख्यात निघती, अन् स्टँडवर खाकीत असती. आतल्या खोलीत काय असतंय?"

"आरसा, पावडर, कोट."

"अजून?"

मी उठले आणि पडदा बाजूला केला. कोटाशेजारी तिचा दुसरा खाकी शर्ट लटकत होता, आदल्या दिवशी धुऊन आणलेला. त्यांनी तो लांबूनच बघितला.

"किती दिवस?"

"सात महिने."

"अन् तुम्ही रोज माझ्या दारावरून जात होता."

"व्हय."

"एक दिवसही सांगावं वाटलं न्हाय?"

"रोज वाटलं. तुमचं तोंड बघितलं की राहून जायचं."

ते माझ्यावर चिडतील असं वाटलं होतं, आणि चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. ते नुसते बसून राहिले. तेव्हा मी त्यांना ते कारण सांगितलं, जे कुणालाच सांगितलं नव्हतं. "करीमभाई, माझ्या शबानाला पोलिसात जायचं होतं. पहाटे उठून मैदानावर पळायची. अर्जाचा फोटो मीच काढला, याच भिंतीपुढं. मग भरतीला पँट घालून साऱ्या लोकांसमोर पळावं लागंल हे कळलं, अन् मी अर्ज फाडला. तिच्या अब्बांनी न्हाय, मी फाडला. ते तर हो म्हणाले होते. मला वाटलं, गल्ली काय म्हणंल. म्हणजे तुम्ही काय म्हणाल."

करीमभाईंनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मी काहीतरी बोललो असतोच," ते म्हणाले. मग हळूच म्हणाले, "पण भाभी, त्या दिवशी गाडीत टोपी-कुर्ता घालून मी खोटं बोललो. अन् पोरगी पँट घालून खरं बोलली. चार दिवस झाले, हे काही केल्या गिळंना."

मी चहा सांगितला. चहा पिऊन होतोय तोवर रुखसाना ड्युटी संपवून दारात आली. बापाला बघून ती उंबऱ्यातच थांबली. घामेजलेली, बॅगेच्या पट्ट्यानं खांद्यावरचा शर्ट चुरगळलेला. करीमभाईंनी तिला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. जुनी सवय, सुटणार कशी?

"पँट एक बोट ढिली घे," ते म्हणाले. "पायरी चढताना गुडघ्यात ताणती."

"व्हय अब्बा."

"अन् सोलापूरला जात होतीस व्हय इतके दिवस?"

"व्हय."

"मला डेपोत पंखा हाय म्हणालीस."

"ड्रायव्हरसमोर हाय एक छोटा," ती म्हणाली.

मला हसू आलं, पण मी चहाचे ग्लास गोळा करायला लागले. करीमभाई उठले. "बुरखा घाल. घरी जाऊ. उद्यापासून घरूनच निघायचं. गल्लीला मी बघतो."

ती आत गेली. बुरख्याबद्दल तिची कधीच तक्रार नव्हती. तिचं म्हणणं साधं होतं, गाडीत पँट लागते, गल्लीत बुरखा लागतो, आणि दोन्हींच्या आत मीच असते. फक्त ते लपवावं लागू नये, एवढीच तिची इच्छा होती. तिनं आता खाकीवरच बुरखा चढवला आणि बापाच्या मागं चालू लागली.

गल्लीला त्यांनी कसं बघितलं, ते मी थोडं ऐकलं आहे. चहाच्या टपरीवर कुणीतरी पँटीचा विषय काढला. करीमभाई म्हणाले, "तुझा जावई पुण्यात चड्डीवर पळतो, त्याचा फोटो तूच मला मोबाइलवर दाखवलास. मी काही बोललो का?" ते बोलले होते, भरपूर बोलले होते, पण त्या दिवशी कुणी आठवण करून दिली नाही. सगळं गोड झालं असंही नाही. रुखसानाला लातूरहून एक स्थळ आलं होतं, ते कंडक्टर ऐकून परत गेलं. गल्लीतल्या दोन घरांनी करीमभाईंना सलाम करणं सोडलं. ते त्यांना लागलं, कारण त्या घरांच्या कॉलरी त्यांनीच सरळ केल्या होत्या. स्थळाबद्दल मात्र म्हणाले, "जाऊ द्या. येईल कुणी फुल तिकीट काढणारा."

शबाना सोलापुरात असते, दोन मुलांची आई आहे. हे सगळं झालं त्या आठवड्यात मी तिला फोन केला आणि रुखसानाची गोष्ट सांगितली. शेवटी म्हटलं, "तुझा अर्ज मी फाडायला नको होता." ती म्हणाली, "अम्मी, दूध उतू चाललंय, ठेवते." तिच्या घरी त्या वेळी दूध तापत नसतं, हे मला ठाऊक आहे. तिनं पुन्हा तो विषय काढला नाही. मीही नाही. पण आता फोन करताना माझा हात जरा थांबतो.

करीमभाईंची पासष्टी भरली तेव्हा माझं दुकान अजून चालू होतं. सकाळी ते दाराशी आले. नवा कुर्ता, अत्तर नेहमीपेक्षा जास्त. म्हणाले, "ढोकीला निघालो." दिवस गुरुवार नव्हता आणि फुफू तर त्या आठवड्यात त्यांच्याच घरी मुक्कामाला होती. मी विचारलं, "ढोकीला आज कोण हाय?" ते म्हणाले, "कुणी न्हाय."

मी दुकान अर्धं बंद करून त्यांच्याबरोबर स्टँडवर गेले. ढोकीची एक गाडी लागली, ते चढले नाहीत. दुसरी लागली, चढले नाहीत. तिसऱ्या वेळी रुखसाना गाडीच्या दारात दिसली आणि ते उठले. तिसऱ्या सीटवर, खिडकीशी जाऊन बसले. मी बाहेर त्यांच्या खिडकीखाली उभी राहिले.

गाडी सुटायला वेळ होता. ती पुढून तिकिटं देत त्यांच्यापर्यंत आली. करीमभाईंनी आधार कार्ड आधीच हातात धरून ठेवलं होतं. ते त्यांनी तिच्यापुढं केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ढोकी एक. हाफ. बघून घ्या बाई."

रुखसानानं कार्ड घेतलं. उजेडाकडं धरून तारीख वाचली. बोटांवर काहीतरी मोजल्यासारखं केलं. मग कार्ड परत दिलं, मशीनचं बटण दाबलं आणि तिकीट फाडून त्यांच्या हातात ठेवलं.

"बरोबर हाय चाचा," ती म्हणाली. "आता नीट टेकून बसा."